शय्याव्रण आणि परिचारिकेचे शिक्षण

इस्पितळात दाखल झालेला रुग्ण एका दुखण्यातून सुटण्यासाठी खाटेवर निजतो. आणि कधी कधी ती खाटच त्याला दुसरे दुखणे देते. समजा, सत्तरी ओलांडलेली एखादी वृद्धा न्हाणीघरात पाय घसरून पडली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया यथासांग पार पडते, हाड सांधू लागते, नातेवाईक पेढे वाटण्याच्या बेतात असतात. तेवढ्यात एके सकाळी अंग पुसताना माकडहाडाच्या वर एक काळपट डाग दिसतो. दोन दिवसांत तेथली कातडी सोलवटते आणि आठवड्याभरात तेथे खड्डा पडतो. मग घरच्यांच्या बोलण्यात हाडाचा विषय निघत नाही. “पाठ फुटली” एवढे दोनच शब्द ज्याच्या त्याच्या तोंडी असतात. शल्यविशारदाचे कौशल्य, महागडी औषधे, घरच्यांनी काढलेले कर्ज या सर्वांवर तळहाताएवढी ती जखम पाणी फिरवू शकते. तिच्यात जंतूंचा शिरकाव झाला, ते हाडापर्यंत किंवा रक्तात पोहोचले, तर मोडलेल्या हाडातून वाचलेला जीव पाठीवरच्या जखमेने जातो.

या जखमेला वैद्यकाच्या परिभाषेत शय्याव्रण किंवा दाबव्रण म्हणतात. इस्पितळातील रोजच्या बोलण्यात तिचे नाव बेडसोअर. ती बरी करणे अवघड, वेळखाऊ आणि खर्चाचे असते. खोल व्रण भरून यायला कित्येक आठवडे, प्रसंगी महिने लागतात. मात्र ती होऊ न देण्याची साधने अगदी साधी आहेत आणि ती बहुतांशी परिचारिकेच्या हाती आहेत. म्हणूनच परिचारिकेला काय शिकवावे आणि कसे शिकवावे हा प्रश्न शिक्षणक्रमातील एखाद्या धड्यापुरता उरत नाही. तो रुग्णाच्या जीविताचा प्रश्न होतो.

हा व्रण होतो तरी कसा? शरीराच्या प्रत्येक कणाला रक्त पोहोचविणाऱ्या केशवाहिन्या अतिशय नाजूक असतात. माणूस उताणा निजला की त्याच्या देहाचा भार डोक्याची मागची बाजू, खांद्याची पाती, कोपरे, माकडहाडाचा भाग आणि टाचा अशा मोजक्या ठिकाणी पडतो. कुशीवर निजला तर खुबा, गुडघा आणि घोटा यांवर पडतो. या जागी कातडीच्या खाली लगेच हाड असते. वरून हाड आणि खालून गादी अशा दोहोंच्या चिमट्यात मधले मांस सापडते, केशवाहिन्या मिटतात आणि तेवढ्या भागाचा रक्तपुरवठा थांबतो. निरोगी माणसाला अशा वेळी तेथे कळ लागते आणि तो झोपेतही नकळत कूस बदलतो. रात्रभरात आपण कितीदा कूस बदलली याची त्याला दाद नसते. पण त्या नकळत होणाऱ्या हालचालींनीच त्याची कातडी शाबूत राहिलेली असते. बेशुद्ध, पक्षाघाताने लुळा पडलेला, कण्याला इजा झालेला किंवा अशक्ततेने गळून गेलेला रुग्ण ही कूस बदलू शकत नाही. कळ लागत नाही म्हणून तो हलत नाही, किंवा कळ लागूनही त्याला हलता येत नाही. कळीची ही राखण किती मोलाची आहे हे वेल्लोर येथे कुष्ठरोग्यांवर शस्त्रक्रिया करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी जगाला पटवून दिले. कुष्ठरोग्याच्या तळपायाला पडणाऱ्या जखमा रोगाने मांस कुजल्यामुळे होतात, ही जुनी समजूत त्यांनी खोडून काढली. संवेदना गेलेल्या पायावर तोच दाब पुन्हा पुन्हा पडत राहतो आणि त्याला कोणी आवर घालीत नाही, म्हणून त्या जखमा होतात, हे त्यांनी दाखविले. खाटेवरच्या अचल रुग्णाची गोष्ट याहून वेगळी नाही.

दाब आणि काळ यांचे नाते १९५९ मध्ये मायकेल कोसियाक या अमेरिकन वैद्याने कुत्र्यांवरील प्रयोगांतून स्पष्ट केले. मोठा दाब थोड्या वेळात जे नुकसान करतो, तेच नुकसान लहान दाब पुष्कळ वेळ राहिला तरी होते. म्हणून गादी मऊ आहे एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही. दाबाच्या जोडीला आणखी काही शत्रू असतात. खाटेचे डोके उंच केले की रुग्ण हळूहळू पायथ्याकडे घसरतो. कातडी चादरीला चिकटून जागीच राहते आणि आतले हाड मात्र खाली सरकते. या ओढाताणीत आतल्या रक्तवाहिन्या ताणल्या जातात आणि वरून काहीही न दिसता आतले मांस मरू लागते. रुग्णाला वर घेताना उचलण्याऐवजी फरफटत ओढले, तर वरची कातडी खरवडली जाते. त्यातच घाम आणि नकळत झालेले मलमूत्र यांनी भिजलेली कातडी पाण्यात राहिलेल्या बोटांसारखी लिबलिबीत होते आणि थोड्याशा घर्षणाने सुटून येते. उन्हाळ्यात घामाने चिंब होणाऱ्या वॉर्डांत, खाली रबरी कापड अंथरलेल्या खाटेवर, या ओलाव्याचा विचार विशेष करावा लागतो. शेवटचा शत्रू म्हणजे कुपोषण. रुग्णाला पचणार नाही या काळजीने नातेवाईक त्याला दिवसचे दिवस चहा, बिस्किटे आणि पेज यांवर ठेवतात. पण झिजलेले मांस भरून यायला प्रथिने लागतात आणि ती डाळ, दूध, अंडी, शेंगदाणे यांतून मिळतात.

हे ज्ञान आज सरळ वाटत असले तरी ते सहज हाती आलेले नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ च्या आपल्या परिचर्येवरील पुस्तकात असे व्रण झाल्यास दोष रोगाला न देता बहुधा शुश्रूषेला द्यावा, असा निर्वाळा दिला होता. याच सुमारास ब्राऊन-सेकार यांनी मज्जारज्जू तुटलेल्या प्राण्यांवर प्रयोग केले. त्यांना दाबापासून वाचविले आणि स्वच्छ ठेवले तर व्रण होत नाहीत, असे त्यांना आढळून आले होते. तथापि पुढे पॅरिसचे विख्यात मज्जातंतुतज्ज्ञ शार्को यांनी वेगळे मत मांडले. कण्याच्या इजेने मांसाचे पोषण करणारे तंतूच निकामी होतात आणि म्हणून व्रण अटळ असतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. एवढ्या थोर अधिकाऱ्याचे मत पडल्यावर वैद्य आणि परिचारिका हताश झाल्या तर नवल नाही. जे टाळता येत नाही ते टाळण्यासाठी कोण झटेल? पहिल्या महायुद्धात कण्याला गोळी लागलेले सैनिक बहुसंख्येने असे व्रण आणि मूत्रमार्गाचे जंतुदोष यांनीच दगावले. एक चुकीचा सिद्धांत केवळ ग्रंथात राहत नाही. तो खाटेपर्यंत येऊन पोहोचतो आणि माणसे मारतो.

हा दैववाद मोडला तो लुडविग गुटमान यांनी. नाझी जर्मनीतून १९३९ मध्ये इंग्लंडच्या आश्रयाला आलेल्या या डॉक्टरांकडे १ फेब्रुवारी १९४४ रोजी स्टोक मँडेव्हिल येथील कण्याच्या रुग्णांचा नवा विभाग सोपविण्यात आला. त्यांनी कोणतेही अद्भुत औषध आणले नाही. दर दोन तासांनी, दिवसा आणि रात्री, प्रत्येक रुग्णाची कूस बदलायची आणि त्यात खंड पडू द्यायचा नाही, हा त्यांचा दंडक होता. नियम पाळला जातो की नाही हे पाहण्यासाठी ते रात्री स्वतः वॉर्डात फेरी मारीत. मरणाची वाट पाहत पडलेले तरुण हळूहळू बसू लागले, कामाला लागले, खेळू लागले. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, त्यांनी या रुग्णांच्या धनुर्विद्येच्या स्पर्धा भरविल्या आणि त्यांतूनच पुढे पॅरालिंपिक उभे राहिले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून पायांचे बळ गमावलेले सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्याच्या शर्यतीत भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. त्या पदकाच्या मागचा इतिहास शोधत गेले तर तो रात्री दोन वाजता रुग्णाची कूस बदलणाऱ्या परिचारिकेपाशी जाऊन थांबतो.

यानंतरचे पाऊल एका परिचारिकेनेच टाकले. डोरीन नॉर्टन यांनी दोन सहकाऱ्यांसह इंग्लंडमधील वृद्ध रुग्णांच्या शुश्रूषेचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला आणि तो १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. कातडीला लावण्याची नाना प्रकारची द्रव्ये त्या काळी प्रचारात होती. खरा गुण या द्रव्यांचा नसून नियमाने कूस बदलण्याचा आहे, असे त्यांना दिसून आले. शिवाय कोणत्या रुग्णाला धोका अधिक आहे हे ओळखण्यासाठी त्यांनी एक साधी गुणपद्धती तयार केली. शारीरिक स्थिती, मानसिक स्थिती, हिंडण्याफिरण्याची शक्ती, अंथरुणात हालचाल करण्याची शक्ती आणि मलमूत्रावरील ताबा या पाच बाबींना प्रत्येकी १ ते ४ गुण द्यावयाचे. बेरीज १४ किंवा त्याहून कमी आली तर रुग्ण धोक्यात आहे असे समजावयाचे. पुढे बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम या अमेरिकन परिचारिकांनी १९८७ मध्ये सहा बाबींची पद्धती प्रसिद्ध केली. तिच्यात संवेदना, ओलावा, हिंडणेफिरणे, अंथरुणातील हालचाल, आहार आणि घर्षण यांचा हिशेब असतो. गुण ६ पासून २३ पर्यंत असतात आणि जितके गुण कमी तितका धोका अधिक. आज जगभरच्या रुग्णालयांत ही पद्धती वापरली जाते. अर्थात गुणांची बेरीज करून कागद फाइलीत लावल्याने कोणाची पाठ वाचत नाही. रुग्ण खाटेवर आल्याबरोबर त्याच्याकडे या दृष्टीने पाहण्याची सवय लागणे, हा या पद्धतीचा खरा लाभ आहे.

परिचारिकेच्या शिक्षणात पहिले स्थान द्यावयाचे ते या पाहण्याला. बहुतेक पाठ्यपुस्तकांत शय्याव्रणाची पहिली खूण म्हणून कातडीवरची लाली सांगितलेली असते. बोटाने दाबल्यावर ती फिकी पडली नाही तर व्रणाची पहिली पायरी सुरू झाली, असे समजतात. परंतु ही वर्णने गोऱ्या कातडीवरून लिहिली गेली आहेत. सावळ्या किंवा काळ्या कातडीवर लाली उमटून दिसतेच असे नाही. तेथे आजूबाजूच्या मानाने जास्त काळसर किंवा जांभळट दिसणारी जागा शोधावी लागते. हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श करून ती जागा अधिक गरम किंवा अधिक गार लागते का, टणक किंवा पिलपिलीत लागते का, रुग्णाला तेथे दुखते का, हे पाहावे लागते. आपल्या देशातील परिचारिकेने केवळ लाली शोधण्याचे शिक्षण घेतले, तर कातडी फुटेपर्यंत तिला काहीच दिसणार नाही. दुसऱ्या पायरीला कातडीचा वरचा थर जातो किंवा फोड येतो, तिसरीला खालची चरबी उघडी पडते आणि चौथीला व्रण स्नायू किंवा हाडापर्यंत जातो. पहिल्या पायरीवर दाब काढून घेतला तर कातडी पुष्कळदा पूर्ववत होते. सारा डाव त्या पहिल्या पायरीवर आहे, आणि ती पायरी बोटांनी ओळखायची आहे.

शिक्षणाचा दुसरा भाग अधिक अवघड आहे, कारण तो जुने शिकलेले विसरण्याचा आहे. परिचारिकांच्या कित्येक पिढ्यांनी पाठीला स्पिरिट चोळून वर पावडर लावण्याचे व्रत निष्ठेने पाळले. त्यामागे रक्ताभिसरण वाढावे हा सद्हेतू होता आणि त्या निमित्ताने रुग्णाची कूस बदलली जाई, पाठ नजरेखाली येई, हा लाभही होता. परंतु हाडाच्या उंचवट्यावर, विशेषतः लाल झालेल्या जागेवर, जोराने चोळल्याने आतील दुखावलेल्या केशवाहिन्या अधिकच फाटतात आणि स्पिरिटने कातडी कोरडी पडते, हे आता मान्य झाले आहे. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना अशा चोळण्यास मनाई करतात. बसण्यासाठी दिले जाणारे रबरी कडे हीही तशीच गोष्ट. मधला भाग अधांतरी राहतो खरा, पण कड्याच्या काठाचा दाब भोवतालच्या रक्तवाहिन्यांवर पडतो. टाचेखाली पाण्याने भरलेले हातमोजे ठेवण्याची युक्तीही काटकसरीची असली तरी कुचकामी आहे. त्याऐवजी पोटरीखाली सबंध लांबीची उशी देऊन टाच गादीपासून पूर्ण सुटी ठेवली की काम होते. ज्या ज्येष्ठ सिस्टरने चाळीस वर्षे स्पिरिट-पावडर केली तिला हे सांगणे नाजूक असते. तिची निष्ठा खोटी नव्हती. तिला मिळालेले ज्ञान अपुरे होते. सांगणाऱ्याने हा भेद राखला, तर ती ज्येष्ठ सिस्टरच नव्या रीतीची सर्वांत खंबीर रक्षक होते.

मग नेमके करावयाचे काय? रुग्णाला एकदम काटकोनात कुशीवर निजविले तर सारा भार खुब्याच्या हाडावर येतो. म्हणून पाठीमागे उशी देऊन त्याला सुमारे ३० अंशांत कलते ठेवावे. आयर्लंडमधील वृद्धांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रात्री दर तीन तासांनी असे कलते निजविलेल्यांपैकी ३ टक्क्यांना व्रण झाले. दर सहा तासांनी काटकोनात वळविण्याची नेहमीची रीत ज्यांच्या वाट्याला आली, त्यांच्यात हे प्रमाण ११ टक्के होते. अन्नाची किंवा श्वासाची अडचण नसेल तर खाटेचे डोके ३० अंशांहून उंच ठेवू नये. रुग्णाला वर घेताना दोघांनी आडव्या चादरीसह उचलून घ्यावे, ओढू नये. कातडी सौम्यपणे धुऊन टिपून कोरडी करावी. चादरीची चुणी, अंथरुणातले बिस्किटांचे कण, पाठीखाली राहून गेलेले सुईचे टोपण हेसुद्धा रात्रभरात व्रण करू शकतात. किती तासांनी वळवावे याला आता सरसकट एकच आकडा नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय संस्थेने २०१४ मध्ये धोका असलेल्यांना निदान सहा तासांनी आणि अधिक धोका असलेल्यांना निदान चार तासांनी हलवावे असे सांगितले. दाब वाटून घेणारी चांगली गादी नसेल तेथे दोन तासांचा जुना नियमच सुरक्षित ठरतो. रुग्णाची कातडी पाहून काळ ठरवावा आणि तो कागदावर नोंदवावा, हे तत्त्व मात्र सर्वत्र एकच आहे.

इतके सारे शिकविले म्हणजे व्रण थांबतील काय? येथे प्रामाणिकपणाची गरज आहे. परिचारिकांच्या शिक्षणाने व्रण किती कमी होतात याविषयी झालेल्या प्रयोगांचा आढावा कॉक्रन या संस्थेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. उपलब्ध पुरावा इतका दुबळा आहे की निश्चित काही सांगता येत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. यावरून शिक्षण व्यर्थ आहे असे ठरत नाही. व्याख्यान ऐकणे आणि मध्यरात्री सोळाव्या खाटेपर्यंत पोहोचणे या दोन गोष्टींत मोठे अंतर आहे, एवढे मात्र त्यातून दिसते. म्हणून हे शिक्षण वर्गात सुरू झाले तरी संपले पाहिजे खाटेपाशी. परिसेविकेने पाळी बदलताना दोन-तीन रुग्णांची पाठ नव्या परिचारिकेसह प्रत्यक्ष पाहावी. डाग दिसला तर कोणाची चूक हे विचारण्याआधी तो कधी आणि कशाने आला हे विचारावे. महिन्याअखेर वॉर्डात किती व्रण नवे झाले याचा आकडा सर्वांसमोर मांडावा. दोष लपविण्याची जेथे भीती असते, तेथे पहिली पायरी कधीच नोंदली जात नाही. जी नोंद होते ती चौथीची.

आणि येथेच त्या जुन्या निर्वाळ्याचा पुनर्विचार करावा लागतो. व्रण झाला तर दोष शुश्रूषेचा, हे खरे. पण शुश्रूषा म्हणजे एकटी परिचारिका नव्हे. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालाप्रमाणे त्या वेळी साऱ्या हिंदुस्थानात सुमारे ७,००० परिचारिका होत्या, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक. १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद स्थापन झाली, विद्यालये वाढली, पदव्या आल्या आणि ती स्थिती पुष्कळ पालटली. तरीही भरलेल्या वॉर्डात रात्रपाळीला एकटी असलेली परिचारिका तीस-चाळीस रुग्णांना दर दोन तासांनी वळवू शकत नाही, हे साध्या अंकगणिताने कळते. शिक्षणाने तिला दोन गोष्टी देता येतात. पहिली म्हणजे निवड: या चाळिसांतले धोक्याचे सहा कोण, हे ओळखून तिला आपले बळ तेथे लावता येते. दुसरी म्हणजे वाणी: “या वॉर्डाला आणखी एक माणूस हवे” ही मागणी आकड्यांसह मांडता येते. ती मागणी ऐकणे हे व्यवस्थापनाचे शिक्षण आहे, आणि ते अजून पुष्कळ ठिकाणी बाकी आहे.

आपल्याकडे आणखी एक बळ आहे. आपल्या इस्पितळांत बहुधा प्रत्येक खाटेपाशी कोणीतरी घरचे माणूस बसलेले असते. पुष्कळदा त्याला गर्दी समजून बाजूला सारले जाते. पण परिचारिकेने त्या मुलाला किंवा सुनेला पहिल्याच दिवशी कूस बदलण्याची रीत हाती धरून शिकविली, टाच सुटी ठेवायला सांगितली, डाग कोठे पाहावा हे दाखविले, तर वॉर्डातले हात एकदम वाढतात. त्याहून मोठा लाभ पुढे घरी होतो. पक्षाघाताचा रुग्ण इस्पितळात पंधरा दिवस असेल, घरी मात्र वर्षानुवर्षे असतो. तेथे सिस्टर नसते. तिने शिकविलेले तेवढे सोबत येते. म्हणून शिकलेली परिचारिका ही शिकविणारीही असली पाहिजे.

शय्याव्रण न झाल्याची बातमी कोणी छापत नाही. ती वृद्धा काठी टेकीत घरी गेली तर लोक शस्त्रक्रियेची तारीफ करतील, आणि ते योग्यच आहे. तिच्या पाठीवर काहीच झाले नाही, याची दखल घेणारे मात्र कोणी नसेल. रात्रीच्या मंद दिव्यात तिला अलगद कलती करून, पाठीवरून हाताची मागची बाजू फिरवून, तक्त्यावर वेळ लिहून पुढच्या खाटेकडे गेलेल्या परिचारिकेला मात्र ते ठाऊक असते.